केरसुणीला तिचं वय विचारा

(पोस्ट लांबली आहे. दिवाळीची साफसफाई आटोपली की निवांत वाचा.)

गेल्या आठवड्यात बहीण आणि भाची घरी आल्या होत्या. भाची सातवीत आहे. तिच्या शाळेत कोणी पाहुणे व्याख्यान देऊन गेले, विषय 'आपल्या परंपरांमागचं विज्ञान'. मुलांनी मुद्दे उतरवून घेतले होते. तिने मोठ्या कौतुकाने वही दाखवली. पाच मुद्दे होते, जसेच्या तसे देते.

१) तिन्हीसांजेला केर काढू नये. पूर्वी वीज नव्हती, दागिना केरात जाऊ नये म्हणून.
२) दाराला लिंबू-मिरची बांधावी. दोऱ्यातून जीवनसत्त्व 'क' हवेत पसरतं.
३) शनिवारी तेल आणू नये. घाण्याला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून.
४) फुटका आरसा घरात ठेवू नये. किरणं उलटसुलट परावर्तित होतात.
५) मीठ सांडू नये. त्यात आयोडीन असतं.

खाली लाल शाईत 'छान' असा शेरा.

हे मुद्दे तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आले असतील. माझ्या आईला तर सगळे पाठ आहेत. मीही काही वर्षांपूर्वी असलं काही पुढे ढकललेलं आहे, कबूल करते. पण भाचीने विचारलं, "मावशी, हे सगळं आपल्या पूर्वजांना पाच हजार वर्षांपूर्वीच कसं गं कळलं?" तेव्हा मात्र मी वही घेऊन बसले.

माझी पद्धत अगदी साधी आहे. समजूत जिला चिकटलेली आहे त्या वस्तूला तिचं वय विचारायचं. समजूत वस्तूपेक्षा म्हातारी असू शकत नाही.

मिरचीपासून सुरुवात करू. मिरची आपली नाही, अमेरिका खंडातली आहे. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० साली, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलं. म्हणजे दारावरची लिंबू-मिरची कितीही ताणली तरी पाचशे वर्षांच्या पलीकडे जात नाही. ज्ञानेश्वरांच्या काळात आळंदीतल्या कुठल्याच दाराला ती नव्हती, कारण मिरचीच नव्हती. आणि जीवनसत्त्व 'क' काही कापरासारखं उडून जात नाही, ते लिंबातच राहतं आणि लिंबाबरोबरच कुजतं.

मग लोक बांधायला का लागले? त्याचं उत्तर आपल्याच भाषेत पडलेलं आहे. 'अक्काबाईचा फेरा' म्हणतो ना आपण? ही अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, अलक्ष्मी, अवदसा. लक्ष्मीला गोड आवडतं, हिला आंबट-तिखट. म्हणून हिचं जेवण उंबऱ्याबाहेरच टांगून ठेवायचं. तिने तिथेच खावं आणि तिथूनच परत जावं. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण कल्पनेला तिचं स्वतःचं तर्कशास्त्र आहे. जुन्या कल्पनेला नवी मिरची मिळाली आणि ती पक्की बसली.

आता शनिवारचं तेल. यासाठी आधी शनिवार लागतो, आणि शनिवारही आपल्याकडे काही अनादी काळापासून नाही. आपली जुनी कालगणना तिथी-नक्षत्रांची. शं. बा. दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, त्यात वारांची चर्चा सविस्तर आहे. वेदांत ग्रहांचे सात वार नाहीत. शिलालेखात वाराचा जुना पक्का उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातल्या एरण इथे, बुधगुप्ताच्या स्तंभावर. गुप्त संवत १६५, म्हणजे इ.स. ४८४, आणि वार गुरुवार.

वारांचा क्रमही मजेदार आहे. सात ग्रह मंद गतीपासून जलद गतीपर्यंत मांडायचे: शनि, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा एकेक तास एकेका ग्रहाला वाटून द्यायचा. शनिवारचा पहिला तास शनीचा धरला, तर चोवीस तास वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवसाचा पहिला तास येतो रवीच्या वाट्याला. म्हणून शनिवारनंतर रविवार. या तासाला आपण 'होरा' म्हणतो, आणि हा शब्द ग्रीकांचा. बाबिलोन, ग्रीक, रोमन असा फिरत फिरत हा हिशोब आपल्याकडे आला आणि इतका मुरला की आता आपल्याला तो घरचाच वाटतो.

म्हणजे 'शनिवारी तेल आणू नये' ही समजूत शनीच्या वारानंतरची. घाण्याच्या सुट्टीचं काय? तर आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक खरोखरच होते. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा धंदा तेल गाळायचा आणि शब्बाथ म्हणून शनिवारी काम बंद. गावोगावचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हे वाचल्यावर मला क्षणभर वाटलं, सापडलं मूळ! पण जिथे एकही बेने इस्रायल घर कधी नव्हतं त्या उत्तर हिंदुस्थानातही शनिवारी तेल वर्ज्यच आहे. तेव्हा हे मूळ नाही, नुसता जुळून आलेला योग आहे. सांगायला छान वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही, हे मला स्वतःलाच समजवावं लागलं. शिवाय आपण घरात शनिवारी तेल आणत नाही, पण मारुतीच्या देवळाबाहेर त्याच दिवशी तेलाच्या पुड्या विकत घेतो. घाण्याला सुट्टी ती कसली!

आरशाचं थोडक्यात उरकते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात साजशृंगार करणारी राजकन्या आहे, तिच्या हातात आरसा आहे. आपले जुने आरसे धातूचे, घासून लखलखीत केलेले. धातूचा आरसा पडला तर पोचा येईल, फुटणार नाही. तडा जाणारा काचेचा आरसा घरोघर आला तो युरोपी व्यापार वाढल्यावर. तेव्हा फुटक्या आरशाची भीती त्या काचेपेक्षा जुनी कशी असेल? फुटकी काच घरात ठेवू नये हे बरोबरच आहे, पायात जाते. त्याला किरणांचं कारण लागत नाही.

मिठाची गोष्ट वेगळी, आणि इथे मी जुन्या माणसांच्या बाजूने आहे. आजी म्हणायची, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. केवढी भयंकर शिक्षा! पण देशावरच्या माणसाला मीठ म्हणजे काय होतं ते बघा. ते पिकणार समुद्राकाठी आगरात, मग बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येणार, वाटेत जकात भरणार. मिठाच्या भावावर राज्यं लक्ष ठेवून असत. पोर्तुगिजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊन स्वराज्यातल्या आगरांचा धंदा बसू लागला, तेव्हा १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळकडच्या आपल्या अधिकाऱ्याला पत्र लिहून त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. पुढे इंग्रजांनी मिठावर कर लादला आणि मे १९३० मध्ये शिरोड्याच्या आगरात लोकांनी लाठ्या खाल्ल्या. खाल्ल्या मिठाला जागणं ही म्हण अशा समाजातच तयार होते. तिथे पोराच्या हातून मीठ सांडू नये म्हणून पापण्यांची भीती घालणं मला समजतं. पण यात आयोडीन कुठून आलं? मिठात मुद्दाम आयोडीन घालायला विसाव्या शतकात सुरुवात झाली. आजीच्या खड्यामिठात काय होतं, तर मीठ.

आता केरसुणी. हिच्यासाठीच खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली.

आधी अंधाराचं कारण. रॉकेलचे दिवे इकडे आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी तेलाची पणती किंवा समई, तिच्या उजेडात कानातलं केरात गेलं तर दिसणार नाही, हे खरं. पण हेच कारण असतं तर घरात दिवा लखलखला त्या दिवशी नियम संपायला हवा होता. आमच्या घरात ट्यूबलाइट आहे, बाहेर रस्त्यावर एलईडी आहे, आणि आई अजूनही कामाला येणाऱ्या ताईंना सहा वाजले की म्हणते, "राहू दे गं आता, उद्या सकाळी काढ." म्हणजे नियमाला जगवणारं दुसरंच काहीतरी आहे.

ते म्हणजे पुन्हा त्या दोघी बहिणी. दिवेलागणीला लक्ष्मी घरात येते अशी कल्पना, आणि केरसुणी म्हणजे अलक्ष्मीला हाकलायचं हत्यार. दिवाळीत मध्यरात्री बायकांनी सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवायचं, याला 'अलक्ष्मी निःसारण' म्हणतात. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत ते सांगितलेलं आहे. मग येणाऱ्या पाहुणीच्या तोंडावर हाकलायचं हत्यार चालवायचं नाही, एवढा साधा अर्थ. म्हणूनच लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, हळदकुंकू लावायचं, तिलाच लक्ष्मी म्हणायचं. पाय लागला तर नमस्कार करायचा.

हे सगळं आपल्या इकडच्या लोकांकडून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून घेण्याचा एक मोठा उद्योग झाला होता. कोणी केला माहीत आहे? नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. हो, तोच. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाला आला असताना अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळ्या घातल्या तो. इतिहासाच्या पुस्तकात तो एवढ्यापुरताच येतो. पण त्याला लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं मागवून त्याने ढीग जमवला होता. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्याने ती सामग्री लावून छापली. कोकणचा खंड निघाला १९१५ साली. केरसुणी, सूप, मुसळ अशा वस्तूंच्या समजुती त्यात आहेत, आणि माहिती देणारे आपलेच खेड्यातले मास्तर.

त्या मास्तरांची एक गोष्ट मला फार आवडली. ते लिहितात, लोक असं मानतात. बस्स. बढाई नाही आणि विज्ञानाचा मुलामाही नाही. भाचीच्या वहीत मात्र 'लोक मानतात' च्या जागी 'विज्ञान सांगतं' आलं आहे. शंभर वर्षांत आपण इथवर आलो.

आता त्या वहीत नसलेलं सांगते. शिंदीची पानं आणून, वाळवून, तासून, मुठीत घट्ट बांधून ही 'लक्ष्मी' बनवायचं काम पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाने केलं. घरातली सगळ्यात पूज्य मानलेली ही वस्तू ज्यांच्या हातची, त्यांना उंबरा बंद. आणि याच महाराष्ट्रात, याच केरसुणीचा दुसरा उपयोगही झाला. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालावं, म्हणजे त्याच्या पावलांनी विटाळलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल, आणि थुंकायला गळ्यात मडकं अडकवावं. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या त्यांच्या न झालेल्या भाषणात हे मांडलं आहे.

एकाच वस्तूची एका घरात आरती होते आणि बाहेर रस्त्यावर तीच माणसाच्या कमरेला बांधली जाते. यामागचं विज्ञान कुठल्या मुद्द्यात बसवायचं?

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदा. माझ्या भाचीपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. तिनेही ऐकलेलं वहीत उतरवलं असतं तर शेरा 'छान'च मिळाला असता. तिने प्रश्न विचारले.

आणि आता माझ्या घरचं. मी लहान असताना लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आमच्या दारात केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन एक मावशी येत. इथे कराडात जुन्या पेठेतल्या लोकांना आठवत असतील. आई त्यांच्याकडून दोन केरसुण्या घ्यायची, पैसे आणि फराळ द्यायची. त्या पाणी मागायच्या. आजी तांब्या घेऊन पायरीवर उभी राहायची आणि वरून धार धरायची, मावशी ओंजळीने प्यायच्या. मग आजी आत यायची आणि त्यांच्याच हातची केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहायची. मी शेजारी उभी असायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

आजी वाईट नव्हती. माझी आजी होती, मला जीव लावणारी. ती स्वतः चाळिशीत विधवा झाली होती. केरसुणीला ती कुंकू लावायची, पण सवाष्णी आल्या की आतल्या खोलीत जायची. आपली मराठी या बाबतीत फार हळवी आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. दिवा विझला नाही, मालवला. दुकान बंद नाही, वाढवलं. शब्दसुद्धा अशुभ असू नये म्हणून इतकी काळजी, आणि नवरा गेला त्या दिवशी तिच्या हातातल्या बांगड्या दगडावर आपटताना मात्र कोणाचा हात थांबला नाही. त्यालाही 'वाढवणं'च म्हणत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, तेव्हा बातमी वाचून आई बराच वेळ काही बोलली नव्हती.

म्हणून मला त्या पाच मुद्द्यांचा राग येतो. लिंबू-मिरची कोणी बांधली तर माझं काही जात नाही. २०१३ साली डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यालाही तुमच्या दारावरच्या लिंबाशी देणंघेणं नाही. तो नरबळी आणि अघोरी प्रकारांसाठी आहे. पण प्रत्येक रूढीला 'मागे विज्ञान आहे' असं एकदा पोराच्या मनावर ठसवलं, की मग ते वरून धरलेल्या पाण्याच्या धारेलाही स्वच्छतेचं कारण शोधतं, चार दिवस लोणच्याच्या बरणीला हात न लावण्यालाही शोधतं. शोधलेलं तुम्हीआम्ही वाचलेलं आहे. चुकलं असं म्हणायची जागाच उरत नाही.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की प्रत्येक मुद्द्याखाली दोन प्रश्न लिही. ही वस्तू आपल्याकडे कधी आली? आणि हा नियम पाळताना कोणाला काय सोसावं लागलं? तिने आधी मिरची केली. मग केरसुणीशी अडली आणि आज्जीलाच जाऊन विचारलं, "आज्जी, त्या मावशींचं नाव काय होतं?"

आईला आठवेना. तिने शेजारच्या काकूंना फोन लावला, त्यांनाही आठवेना. वीसेक वर्षं दर दिवाळीला आमच्या दारात आलेल्या बाईचं नाव आमच्या अख्ख्या आळीत कोणाला माहीत नाही.

या वर्षीची केरसुणी मंडईबाहेर बसणाऱ्या एका ताईंकडून आणली. आई बरोबर होती. तिने आधी नाव विचारलं, मग भाव. संध्याकाळी सहानंतर केर मात्र अजून काढू देत नाही. असू दे.

कराड, मलकापूर, ओगलेवाडी भागातल्या जुन्या लोकांपैकी कोणाला त्या केरसुणीवाल्या मावशी आठवत असतील, तर त्यांच्या घरच्यांना विचारून मला कळवा. आईला त्यांच्या घरी जाऊन यायचं आहे.